बाबांच्या हातचं पाणी

बाबांची पद्धत ठरलेली होती. उद्याच्या इस्त्रीच्या कपड्यांवर आदल्या संध्याकाळी वाटीतलं पाणी बोटांनी शिंपडायचं, बोटं वाटीच्या काठावर टक टक दोनदा आपटायची, एकेक कपडा घट्ट गुंडाळायचा आणि सगळ्यांचं मिळून गाठोडं बांधायचं. ओल आतपर्यंत मुरली की इस्त्री तक्रार न करता फिरते, असं ते म्हणत. वाटीची टकटक ऐकली की आई आतून चहाचं विचारायची. त्या संध्याकाळीही त्यांनी गाठोडं बांधलं, जेवले, झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत.

दोन-तीन दिवसांनी घराच्या पुढच्या खोलीतलं दुकान उघडलं, पण लेकीचा हात त्या गाठोड्याला लागेना. तिच्या मनाने एकच घेतलं होतं. आत बाबांनी शिंपडलेलं पाणी आहे. इस्त्री फिरवली की त्याची वाफ होणार आणि तेही जाणार. म्हणून तिने गाठोडं प्लास्टिकच्या पिशवीत आवळून ठेवलं होतं.

आईने पिशवी उघडली आणि नाक मुरडलं. "इस्त्रीवाल्याची लेक ना गं तू? ओले कपडे कुणी प्लास्टिकमध्ये कोंडतं का? उद्या काळे ठिपके पडले की गिऱ्हाईक बाबांच्या नावाने खडे फोडेल."

"पण आई, त्यांचं एवढंच तर..."

"कळतंय मला," आई म्हणाली आणि भरकन स्वयंपाकघरात निघून गेली.

लेकीने इस्त्री तापत ठेवली. पहिल्याच चादरीची वाफ उठली, खिडकीची काच धुरकटली आणि तिला लहानपण आठवलं. या टेबलाखाली बसून तिने विचारलं होतं, "बाबा, वाफ कुठे जाते?"

"फिरायला. वर जाते, ढगात बसते, कुठेतरी धो धो कोसळते, नदीतून नळात येते आणि आपल्या वाटीत हजर."

"म्हणजे हेच पाणी परत येतं?"

"हेच. फक्त ओळख दाखवत नाही, बड्या पाहुण्यांसारखं."

मग कितीतरी दिवस ती रोज वाटीत डोकावून विचारायची, "आलं का परत?" आणि बाबा मागून बारीक आवाज काढायचे, "आलं गं बाई, दमलं!" किती हसायचे दोघं! आता तिला रडू फुटलं, पण हात थांबवता येईना. इस्त्री एका जागी राहिली तर कापड जळतं.

शेवटी उरलेला सदरा मात्र गाठोड्यात बाहेरच्या बाजूला होता. पिशवीत घालण्याआधीच त्याची कॉलर पार वाळून गेली होती, सुरकुती हटता हटेना. तिने वाटी भरून घेतली, बोटं बुडवली, मनगट झटकलं आणि उरलेले थेंब काढायला बोटं वाटीच्या काठावर दोनदा आपटली, टक टक.

"अहो, चहा टाकू का?" आतून आईने विचारलं.

लेकीचा हात तसाच राहिला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला.

तिने डोळे पुसले, पुन्हा पाण्यात बोटं बुडवली.

"टाक, आई," ती म्हणाली. "आपल्या दोघींचा टाक."