मागच्या सीटचा गारवा

ते साल दोन हजार तेवीस. मे महिन्याचा तिसरा आठवडा होता आणि अंबरनाथमध्ये असा उकाडा, की दुपारी नळाला हात लावला तर पाणी पोळायचं. त्याच आठवड्यात मालिनीबाईंच्या अनीशने नवी गाडी घेतली, सात माणसं ऐसपैस बसतील अशी. आणि बदलापूरला, सोनिवलीच्या त्याच्या फ्लॅटमधली रिकामी खोली कुठल्या आजीला द्यायची, हेही त्याच आठवड्यात ठरायचं होतं.

अनीशची बायको सोनू एक जूनपासून पुन्हा ऑफिसला जाणार होती. दीड वर्षाच्या राजसीजवळ दिवसभर घरचं माणूस हवं होतं. मालिनीबाई तयार होत्या. त्यांचा नवरा, बाळ, जाऊन सहा वर्षं झाली होती. अंबरनाथच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या, एका माणसाचा कुकर लावायचा आणि तोही दोन वेळा पुरायचा. पण सोनूची आई बनूबाई, खरवईच्या, त्याही तयार होत्या. आणि खोली होती एकच.

"दोघी आलटून पालटून या," असं अनीश एकदा म्हणाला होता. "मी काय पाळणाघराची बाई आहे, शिफ्टमध्ये यायला?" मालिनीबाईंनी असं विचारल्यावर तो विषय तिथेच थांबला.

त्यांना खरं सलत होतं ते वेगळंच. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत; त्यामुळे राजसीचे पहिले पाच महिने खरवईत गेले. बनूबाईंनी तिला रोज तेल लावलं, न्हाऊ घातलं, धुरी दिली. मालिनीबाई रविवारी जायच्या, फळांची पिशवी घेऊन, पाहुण्यासारख्या. परिणाम असा, की आता दोन्ही आज्या समोर असल्या की पोर सरळ बनूबाईंच्या पदराकडे झेपावायची. त्या पदराला चुलीचा वास यायचा, शेत विकून पक्कं घर झालं तरी बनूबाईंनी मागच्या पडवीत चूल ठेवलीच होती. मालिनीबाईंनी एकदा मुद्दाम उंची पावडर लावून पाहिली. राजसी शिंकली.

त्या गुरुवारी सोनू ऑफिसात कागदपत्रं द्यायला ठाण्याला गेली होती. अनीशने रजा घेतली होती. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जाऊन आजीच्या खोलीसाठी दिवाण घ्यायचा होता. कुठल्या आजीच्या, हे कोणी बोललं नव्हतं. "तुम्ही दोघी चला, दोघींना चालेल असा घेऊ," एवढंच तो फोनवर म्हणाला. मालिनीबाईंनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं की दिवाण सागवानी घ्यायचा, उशाकडे कप्पा असलेला, म्हणजे चष्मा आणि गोळ्या हाताशी राहतात. म्हणजे त्यांच्या.

गाडी सव्वाअकराला खाली आली. मागचं दार बंद, काच वर. काचेआड बनूबाई, मांडीवर राजसी. बनूबाईंना आधी घेतलं होतं, खरवई वाटेत पडते म्हणून. हे समजत असूनही मालिनीबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"आई, तू पुढे बस. मान तुझा," अनीश म्हणाला.

तेवढ्याने त्यांना बरं वाटलं. पुढची सीट म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. अठ्ठ्याहत्तर साली बाळने फियाट घेतली, तेव्हा ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये त्यांच्या रांगेत ती पहिलीच. गाडीला उजव्या बाजूला लांब एरियल होती, बोटाने ओढत ओढत वर काढायची. पूर्ण वर काढली नाही तर रेडिओ नुसता खरखरायचा. ती वर काढायचं काम मालिनीबाईंचं. बाळ आत बसून म्हणायचा, "अजून थोडी, अजून... हां, लागलं!" रांगेतल्या बायका गॅलरीतून बघत असत. मालिनीबाईंना त्यांची नजर पाठीवर जाणवायची आणि गोड वाटायची. हेवा करून घेण्यात काय सुख असतं, ते त्या भरपूर भोगून बसल्या होत्या.

"एरियल कुठेय रे हिची?" त्यांनी विचारलं.

"छपरावर. मघाशी दिसला नाही का, माशाच्या पाठीवरच्या पंखासारखा उंचवटा? त्याच्या आत सगळं. ओढायबिढायचं काही नाही." अनीशला नव्या गाडीबद्दल बोलायला कोणीतरी हवंच होतं. सासूला तो मामी म्हणायचा. "आणि खरी गंमत मागे आहे. मामी, बघा, तुमच्या डोक्यावर जाळ्या आहेत ना, छताला? ती हवा पुढून वाहत येत नाही हं. इंजिनापाशी कॉम्प्रेसर एकच, पण गार करणारी जाळी मागे वेगळी आणि पंखाही वेगळा. गॅसची नळी खालून मागेपर्यंत नेलीय. तुम्हाला हवं तेवढं गार तुम्ही करा, आम्ही पुढे काहीही केलं तरी."

"असां? मंजे आमचा कारभार येगला," बनूबाई हसल्या आणि डोक्यावरचं गोल बटण फिरवलं. पंख्याचा सूऽऽ असा आवाज झाला. राजसीचं जावळ उडालं, ती खिदळली. "बघा विहीणबाई, पोरीला गार वारां कसां आवारतंय!"

मालिनीबाईंनी मान वळवून बघितलं. बनूबाई मागे टेकून बसल्या होत्या, पाय मोकळे सोडून, डोक्यावर स्वतःचा गार वारा, मांडीवर नात. आणि आपण पुढे, समोरच्या काचेतून येणारं ऊन छातीवर घेत, मान म्हणून. आमदार-खासदार मागे बसतात ते उगाच नाही, असं त्यांच्या मनात आलं.

"आणि लहान मुलं मागे त्या बटणाशी खेळतात ना," अनीश पुढे सांगतच होता, "म्हणून पुढे हे एक. हे दाबलं की मागचं सगळं बंद आणि लॉक. मग मागून कितीही फिरवा."

उल्हासनगरच्या हद्दीत शिरल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली. दुकानामागे पार्किंग आहे का ते विचारून येतो म्हणाला आणि इंजिन चालू ठेवून उतरला.

मागे बनूबाई राजसीला बडबडगीत म्हणून दाखवत होत्या, खरवईकडचं, मालिनीबाईंना न येणारं. राजसी टाळ्या वाजवत होती. मध्येच बनूबाई म्हणाल्या, "आजीच्या खोलीत झोपायचां ना माज्या बायला? आजीजवल?"

त्यांनी ते नुसतं लाडाने म्हटलं असेल. पण मालिनीबाईंनी त्यातला 'खोली' हा एकच शब्द ऐकला. म्हणजे ठरलंच? आपल्याला दिवाणाचं लाकूड बघायला फक्त नेताहेत? हात पुढे गेला. बटण दाबलं. छोटासा पिवळा दिवा लागला. मागचा सूऽऽ आवाज थांबला.

त्यांचा हिशेब साधा होता. दहा मिनिटांत मागे गदमदेल, बनूबाई कुरकुरतील, पोर रडेल. मग आपण म्हणायचं, "इकडे द्या तिला, पुढे छान गार आहे."

अनीश परत आला. पार्किंग नव्हतं, फिरून मागच्या रस्त्याने जावं लागणार होतं. तिकडे वळले आणि अडकले. पुढे एक ट्रक आडवा, त्याच्यावर कपाटं, दोन्हीकडून रिक्षा. गाडी जागची हलेना. मागच्या काचेतून ऊन थेट आत येत होतं.

बनूबाईंनी डोक्यावरचं बटण दोनदा फिरवलं. काही होईना. त्यांनी हात खाली घेतला.

"मामी, ठीक ना मागे?" अनीशने आरशातून विचारलं.

"हां हां, झकास."

इथेच मालिनीबाईंची चूक झाली. जावयाच्या घरात, जावयाच्या गाडीत मुलीच्या आईने उणं काढायचं नाही, हे बनूबाईंच्या हाडांत होतं. नात होईपर्यंत त्या लेकीच्या घरी पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या. नव्या गाडीचा पंखा बंद पडला, असं पहिल्याच फेरीत त्या बोलणार? जीव गेला तरी नाही. त्या पदराने पोरीला वारा घालत बसल्या, घामाने पाठ सीटला चिकटलेली, तोंडावर हसू. आणि मालिनीबाई पुढे रडण्याची वाट बघत राहिल्या. वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. रडणं येईना. मागे वळावंसं वाटे, पण वळलं तर आपलाच चेहरा आपल्याला फितूर होईल, अशी भीती.

राजसी रडली नाहीच. तिने एकदम ओकारी केली आणि मान टाकली.

"जावयबापू, थांबवा! पोरीचा आंग बघा कसां तापलंय!"

अनीशने गाडी तशीच सोडली आणि लेकीला उचलून धावला. समोरच एक दवाखाना होता. डॉक्टरीणबाईंनी ओल्या फडक्याने पुसलं, चमच्याचमच्याने मीठसाखरेचं पाणी दिलं. अर्ध्या तासात राजसीने डॉक्टरीणबाईंचा पेन ओढला तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. "उकाड्याने झालंय, बाकी काही नाही," त्या म्हणाल्या. "बंद गाडीत मागे हवा नव्हती का?"

अनीशने जाऊन मागच्या जाळ्यांना हात लावून बघितला. काही नाही. चार दिवसांची गाडी! तो इतका संतापला की शोरूमला फोन लावून ओरडला. ते म्हणाले, सोमवारी आणा. सोमवारपर्यंत थांबायचं नाही म्हणून तो दवाखान्याजवळच्याच टेकूभाईंकडे गाडी घेऊन गेला. टेकूभाई म्हातारे सिंधी गृहस्थ, चाळीस वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त करत आलेले. दोघी आज्यांना त्यांनी प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या.

ते पुढच्या सीटवर वाकले आणि हसत बाहेर आले.

"साईं, मशीन चकाचक आहे. पुढून लॉक केलंय कोणीतरी. बघ, पिवळी लाईट जळतेय. मग मागचा बेचारा किती पण घुमव, पंखा फिरणार नाय."

"माझाच हात लागला असेल गिअर टाकताना," अनीशचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच माझ्या पोरीला..."

"टाईम बघ ना. मोबाईलमध्ये गाडीचं ॲप टाकलंय का? खोल. तो छपरावरचा उंचवटा आहे ना, त्यात नुसता रेडिओ नाय. नकाशावाला अँटेना वेगळा, सिमवाला वेगळा. गाडीत दार उघडलं, एसी बंद केला, सब खबर तो सिमवाला पाठवतो. तुझ्या फोनमध्ये येऊन पडते."

बाळच्या फियाटची एरियल नुसती ऐकायची. ही ऐकलेलं सांगतही होती. मालिनीबाईंनी खुर्ची थोडी मागे सरकवली.

अनीशने बोटाने वर-खाली केलं. "अकरा बावन्न. मागचा एसी बंद, पुढच्या पॅनलवरून." तो थांबला. अकरा बावन्नला तो गाडीत नव्हता. त्या मिनिटाला त्याने दुकानातून सोनूला फोन केला होता, तोही फोनात दिसत होता. त्याने हळूच आईकडे बघितलं.

मालिनीबाईंनी तोंड उघडायच्या आत बनूबाई बोलल्या.

"मीच सांगलां व्हतां त्यांना. माज्या गुडघ्यांना गार वारां सोसत नाय. मीच बोल्ली, बंद करा. चूक माजी हाय, जावयबापू."

टेकूभाईंनी हातातला पाना फडक्याने पुसायला घेतला. अनीशने सुटकेचा श्वास सोडला. त्याला ते खरं मानायचं होतं, हे दिसत होतं. मालिनीबाई वाचल्या होत्या. खोलीही कदाचित वाचली होती. ज्या आजीने उकाड्यात पोरीचा पंखा बंद करायला लावला, तिच्यावर सोनू तरी कशी भरवसा टाकणार?

आणि नेमकं तेच त्यांना सोसवेना. पश्चात्ताप नंतर आला, पुष्कळ आला. त्या क्षणी आला तो जळफळाटच. ही बाई नात घेऊन बसली, गार वारा घेऊन बसली, आता मोठेपणाही हीच घेऊन जाणार? आणि आपण जन्मभर हिच्या उपकाराखाली आपल्याच नातीला कुरवाळायचं?

"खोटं बोलताहेत त्या," मालिनीबाई म्हणाल्या. "त्यांनी काही सांगितलं नव्हतं. मी दाबलं. मला बघवेना म्हणून दाबलं."

"आई?"

"काय बघवेना ते विचारू नकोस. तुला कळलंय."

"विहीणबाई, कशाला वो..." बनूबाई कुजबुजल्या.

"तुम्ही गप्प बसा. एवढं तरी माझं मला राहू द्या."

परतीच्या वाटेवर अनीशने आईला अंबरनाथला सोडलं. दिवाण घ्यायचा राहून गेला.

तो पुढच्या रविवारी सोनूने घेतला, लोखंडी, बनूबाईंना सोयीचा पडेल तेवढ्या उंचीचा. एक जूनला बनूबाई पिशवी घेऊन सोनिवलीला गेल्या आणि अजून तिथेच आहेत. गुडघे आता खरोखरच धरले आहेत, पण राजसीला शाळेच्या बसपर्यंत त्याच सोडतात. सोनूने सासूला एका शब्दानेही विचारलं नाही. फक्त पुढचे पाच महिने मालिनीबाई आल्या की ती राजसीजवळून उठून आत जात नसे. हल्ली जाते. अनीश पंधरा दिवस आईशी बोलला नाही, मग एका संध्याकाळी फणसाचे गरे घेऊन आला आणि हवापाण्याचं बोलत बसला. गाडी त्याच्याकडेच आहे. टेकूभाईंनी पुढच्या वर्षी धंदा भाच्याकडे सोपवला आणि ते मुलाकडे पुण्याला गेले.

मालिनीबाई शनिवारी रिक्षाने सोनिवलीला जातात. राजसी आता चार वर्षांची आहे, त्यांना बघून धावत येते, गोष्ट सांग म्हणते. त्या सांगतात. तिने दोघींना आपापल्या हिशेबाने नावं ठेवली आहेत, बनूबाई मोठी आजी आणि मालिनीबाई शनिवारची आजी. वयाने मालिनीबाई तीन वर्षांनी मोठ्या आहेत. हे त्यांनी तिला दोनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेल्या, तर स्वयंपाकघरातून बनूबाईंनीच ओरडून दुजोरा दिला. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.