जळकुकडी कवळी

हसू नका. मी कवळी बोलतेय. वरची आणि खालची अशा आम्ही दोघी आहोत, पण आमचं दुमत कधी झालं नाही, म्हणून 'मी' म्हणते. सध्या मुक्काम बेसिनच्या फळीवर, स्टीलच्या मगात. माझा म्हातारा महिन्यापूर्वी गेला. चष्मा घरीच, काठी घरीच, आणि मीही घरीच. सांगून जायची रीत त्याला नव्हतीच.

गल्लीत सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे. कसला कॅप्टन! फौजेत ट्रक चालवायचा. लढाईत जखमींना घेऊन येताना ट्रक खड्ड्यात आदळला आणि याचं तोंड स्टिअरिंगवर. रक्त थुंकत थुंकत त्याने गाडी दवाखान्याच्या दारात आणली. अकरा माणसं वाचली. त्याबद्दल त्याला पदक मिळालं, आणि दात गेले म्हणून मी मिळाले. म्हणजे पदक आणि मी एकाच दिवसाची लेकरं. पण त्याला मखमलीची डबी आणि मला मग! ते वर्षातून एकदा बाहेर यायचं, छातीवर बसून मिरवायचं. मी रोज भाकरी चावायची. जळणार नाही तर काय करणार?

मला घडवणारा कारागीर आपल्या कामाचा मोठा अभिमानी. माप घेताना म्हातारा त्याला म्हणाला, "वरचा एक दात जरा वाकडा बसवा, माझा होता तसा."

"साहेब, माझ्या हातून वाकडा दात गेला तर लोक मला हसतील."

"हसू द्या. सरळ दातांनी घरी गेलो तर बायको दार उघडायची नाही."

घरी आल्यावर बायकोने निरखून पाहिलं आणि म्हणाली, "या, आलात का?" एवढंच. पण तो जो हसला! तेव्हापासून मला तिचाही हेवा. तोंडात मी, आणि हसायचं तिच्याकडे बघून.

चाळीस वर्षं मी त्याच्याबरोबर होते. पोरांना झोपेतून उठवायला हा पलंगाशी उभा राहून मला कटाकटा वाजवायचा. "पलटण, उठा!" मुलगा मोठा साहेब झाला, टक्कल पडलं, तरी कुठे काही कटकट वाजलं की दचकतो. मी पाहिलंय.

मग नात झाली आणि माझे दिवस फिरले. ती दिसली की मी खिशात! दोघं समोरासमोर बसून नुसत्या हिरड्यांनी हसायचे. मी रुमालात गुंडाळलेली, तंबाखूच्या वासात. एवढंसं गाठोडं ते, एक दात नाही तोंडात, आणि माझी जागा घेतं!

तर आता भिंतीवर फोटो लावायचा होता. माझी सगळी भिस्त त्यावर होती. मगातून उचलून उद्या मला कुठे टाकतील कोण जाणे, पण त्याच्या तोंडात मी भिंतीवर तरी राहीन, एवढी एकच आशा.

मुलगा म्हणाला, "आई, गणवेशातला लावू. पदकासकट."

नात म्हणाली, "हे आजोबा नाहीत. हा कुणीतरी रागावलेला दादा आहे."

शाब्बास पोरी! मी मनात म्हटलं, आता मुलाच्या लग्नातला काढा. त्यात मी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस हजर आहे. पण आजीने भलताच काढला. नात जन्मली तेव्हाचा. म्हाताऱ्याच्या हातात ती, आणि त्याचं तोंड उघडं, बोळकं.

फोटोवाल्याचा फोन आला, "साहेब, दात नाहीत. कॉम्प्युटरवर बसवून देऊ?" मुलगा हळूच म्हणाला, "द्या. चार लोक येणार, बरं दिसत नाही."

फ्रेम आली. आजीने चष्मा लावला. "हा कोण पाहुणा?"

"आई, बाबाच आहेत. फक्त दात बसवलेत."

"कुणाचे?"

मला तर घाम फुटला. टूथपेस्टच्या जाहिरातीतले ते पांढरे, सरळ, परके दात माझ्या म्हाताऱ्याच्या तोंडात! मी मगात आपटले की काय असं वाटलं.

आजी म्हणाली, "काढायला लाव. दात त्यांना होते की. जेवताना होते, भांडताना होते, शेजाऱ्यांपुढे थापा मारताना तर होतेच होते. पण या पोरीला घेतलं तेव्हा म्हणाले, 'हिला एकटीलाच का बिनदाताची ठेवायची?' आणि काढून माझ्या हातात दिले. इतक्या वर्षांत बाहेरच्या माणसांसमोर काढले ते तेवढे एकदाच. नर्स बघत होती, डॉक्टर बघत होते. लाजले नाहीत. ते हसणं मला भिंतीवर हवंय."

मुलाने चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होता.

त्या दिवशी मी आजीच्याच मुठीत होते. त्याला हसताना मी समोरून पाहिलं ते तेवढंच. एरवी मी नेहमी आतून.

फोटो लागला. मी त्यात नाही. आल्यागेल्याची नजर आधी त्या बोळक्यावर जाते आणि मग बघणाराही हसतो, मेला.

तर एक विनंती. तुमच्या घरी कुणी म्हातारा असेल, तर फोटो काढताना "आधी दात घाला" म्हणून त्याच्या मागे लागू नका. त्याला हवं तसं हसू द्या. हे कवळी सांगतेय. किती जळून सांगत असेन, बघा.