पाहुण्याच्या अर्धं पाऊल मागे

माझ्या बायकोची, किनुएची, चाल मंदावली आहे असं आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई म्हणाल्या आणि आमच्या घरात सुतक आल्यासारखं झालं. म्हातारपणी चाल मंदावली की स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला असू शकतो, म्हणून पुन्हा तपासू, एवढंच त्यांचं म्हणणं. पण किनुएच्या थोरल्या बहिणीचं, तोकीचं, असंच झालं होतं. आधी पाय जड झाले, मग माणसं ओळखू येईनाशी झाली.

"उद्या तुम्हाला ओळखलं नाही, तर चिडू नका हं," लोणच्याचा मुळा चिरता चिरता किनुए म्हणाली. मला भयंकर राग आला, तिचा नव्हे, त्या नर्सबाईंचा.

गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या सराईत किनुएने जन्मभर पाहुण्यांची उठबस केली. मी तिथलाच स्वयंपाकी. ती ताट घेऊन जिना चढायची, तेव्हा मिसो सूपच्या वाटीवरचं झाकणसुद्धा वाजत नसे. अशी बाई मंदावली? पण हल्ली बाजारात जाताना ती माझ्या मागे रेंगाळते, हे मीही पाहिलं होतं.

दुसऱ्या तपासणीला मी हट्टाने आत घुसलो. किनुएला समोरच्या भिंतीपर्यंत चालून दाखवायचं होतं. ती पडू नये म्हणून नर्सबाई तिच्या शेजारून चालू लागल्या. किनुए लगेच अर्धं पाऊल मागे सरली. बाई तिच्यासाठी हळू झाल्या, तशी ही आणखी हळू. भिंतीशी पोचेपर्यंत भात शिजला असता. मला हसू फुटलं. पाहुण्याच्या पुढे ही बाई जन्मात कधी चालली होती?

बाईंना मागे उभं केलं, तर ही वळून कमरेत वाकली आणि म्हणाली, "आधी तुम्ही."

मग मीच पलीकडच्या टोकाला जाऊन मांडी ठोकली आणि सराईतले जुने पाहुणे तिला बोलवायला वाजवत तशा टाळ्या वाजवल्या. किनुए निघाली. पाठ ताठ, पावलं छोटी आणि भराभर. नर्सबाई कुठल्या कुठे मागे राहिल्या. माझ्यापुढे ती गुडघे टेकून बसली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही कधीपासून पाहुणे झालात?" मग जमिनीला हातही न लावता उठली.

हमी कुणीच देऊ शकत नाही, पण पाय उत्तम आहेत आणि स्मरणाच्या प्रश्नांतही काळजीसारखं काही नाही, असं नर्सबाईंनी सांगितलं. "ही माझी बायको," मी तिथे बसलेल्या एकेकाला सांगत सुटलो. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

परतताना मी तिला पुढे चालायला लावलं. नको नको म्हणत ती पुढे झाली आणि पुलापर्यंत मला काही तिला गाठता येईना. धाप लागून मी कठड्याला टेकलो. तेव्हा कळलं, बाजारात ती रेंगाळत नव्हती. माझ्या चालीने चालत होती.

ती मागे फिरली आणि माझा दम परत येईपर्यंत शेजारी उभी राहिली.

"उद्या तपासणीला तुमचं नाव देते," ती म्हणाली. "टाळ्या मी वाजवीन."