आठ दिवसांचं पाणी

सायलीचं एकदा ठरलं की ठरलं. नवऱ्यानं समजावून बघावं, सासूनं टोमणा मारून बघावा, ती सगळं हसून ऐकून घेते आणि ठरलेलंच करते. बाकीच्या सुना लग्नात कपाट आणि मिक्सर घेऊन येतात. ही खाऱ्या पाण्याची काचेची टाकी घेऊन आली. पुण्याहून पुंडलिकनगरपर्यंत अख्खा रस्ता तिनं मांडीवर दोन पिशव्या धरल्या होत्या. एकीत नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांची क्लाउनफिशची जोडी, दुसरीत अंगठ्याएवढं मऊ कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, एका मैत्रिणीच्या टाकीत वाढलेलं. समुद्र इथून रात्रभराच्या प्रवासावर, आणि ही बाई हॉलमध्ये सोफ्याच्या शेजारी त्याचा तुकडा पाळून बसली. पाच वर्षांत त्या अंगठ्याचा चांगला ओंजळभर गुच्छ झाला. सकाळी दिवा लावला की त्याची बोटं उघडायची आणि पाण्याच्या ओढीबरोबर हलायची. कामावर निघताना सायली दोन मिनिटं तरी तिथं उभी राहायचीच.

यंदा चैत्रात टाकीच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी पाझरायला लागलं. आधी थेंब, मग ओघळ. खाली दुमडून ठेवलेला टॉवेल दिवसातून दोनदा पिळावा लागायचा. सांधा कधी सुटेल याचा नेम नव्हता, आणि सुटला असता तर पाच वर्षांचं कोरल आणि मासे तासा-दोन तासांत संपले असते. नवीन टाकी हवी होती, आणि लगेच हवी होती.

शिवराजला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, बन्सीकडून टाकी बनवून घ्यायची होती. बन्सी शहागंजातला काचवाला. सराफांची शोकेस, मिठाईवाल्यांची काउंटरं आणि अधूनमधून माशांच्या टाक्या, हे त्याचं तीस वर्षांचं काम. तो घरी येऊन टेप लावून माप घेऊन गेला होता. "ताई, तुम्ही बोलाल तशी बनवतो. पण बारा दिवस लागतील. सिलिकॉनला सुकायला टाइम द्यावा लागतो, घाई नक्को," असं सांगून गेला होता.

सायलीला तयार टाकी हवी होती. कंपनीची, खोक्यातून निघणारी. काच, पंप, दिवा, मागच्या कप्प्यात गाळणी, सगळं एका ठिकाणी. शुक्रवारी ऑर्डर दिली की सोमवारी दारात. शिवाय आत्ता जी टाकी गळत होती ती हातानंच बनवलेली होती, त्यामुळे हातानं ओढलेल्या सिलिकॉनवर तिचा आता काडीचा भरवसा नव्हता. ती चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पाणी तपासण्याचं काम करते. पाण्यातला क्षार तिला दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांपर्यंत कळतो. तिनं कागदावर दोन रकाने आखले, दोन्ही टाक्यांची तुलना केली, तयार टाकीच्या रकान्यात सहा बरोबरच्या खुणा केल्या आणि ऑर्डर देऊन टाकली. शिवराजनं कागद बघितला, परत दिला आणि चहा प्यायला.

ऑर्डर दिली त्याच दिवशी तिनं मागच्या अंगणातल्या निळ्या ड्रममध्ये आरओचं पाणी भरलं, त्यात मोजून समुद्री मीठ घातलं आणि ते हलतं राहावं म्हणून छोटा पंप सोडला. हे पाणी मुरायला दोन-तीन दिवस लागतात. सोमवारी टाकी आली की तयार पाणी ओतायचं, मासे आणि कोरल सोडायचं, की काम फत्ते. सगळं असं घड्याळासारखं बसवून ती शनिवारी सकाळी कामावर गेली.

आणि शनिवारी सकाळी नळाला पाणी आलं.

खरं तर ते रविवारी यायचं होतं. आठव्या दिवशी पाणी येतं, असं म्हणायचं. प्रत्यक्षात ते सातव्या दिवशी येतं, नवव्या दिवशी येतं, मनात येईल तेव्हा येतं. आणि ते आलं की त्या घरात सरूबाईंचं राज्य सुरू होतं. सरूबाई म्हणजे सायलीच्या सासूबाई. सिल्लोडजवळच्या एका वस्तीवर जन्मल्या, बहात्तरच्या दुष्काळात नऊ वर्षांच्या होत्या आणि तेव्हापासून पाणी या विषयात त्यांना कुणी शिकवलेलं त्यांना चालत नाही. नळ आला की घरातलं सगळं शिळं पाणी आधी बाहेर काढायचं. हंडे, कळशा, पिंप, ड्रम, सगळं रिकामं करून, घासून, ताजं भरायचं. शिळं पाणीही फुकट घालवायचं नाही. त्यानं अंगण धुवायचं, पायपुसणी धुवायची, राहिलेलं झाडांना द्यायचं. पुंडलिकनगरात नळ आला की गल्लीभर हेच चालतं, पण सरूबाईंचा झपाटा औरच.

सायली तीन वाजता परतली तेव्हा निळा ड्रम आरशासारखा चकाकत होता आणि नळाच्या गोड्या पाण्यानं काठोकाठ भरला होता. पंप धुऊन, पुसून, खिडकीत वाळत ठेवला होता.

"आई, ह्यातलं पाणी कुठंय?"

"काढलं की. कालचं शिळं होतं. अंगण धुतलं, उरलेलं जास्वंदीला आन् कढीपत्त्याला घातलं."

"अहो, त्यात मीठ होतं! माशांसाठी केलं होतं ते!"

"मला काय ठाऊक? घरातलं पाणी काय मी चाखून बघत बसू?"

"विचारायचं तरी होतं एकदा!"

"पाण्याचं मी कुणाला इचारू? तुझ्या लग्नाच्या आधीपासून मीच भरायलेय पाणी ह्या घरात!"

सायलीला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सरूबाई काही मागं हटणाऱ्या नव्हत्या. कंबरेवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या, आणि शिवराज दोघींच्या मधे उभा राहून "जाऊ दे ना, जाऊ दे ना," एवढंच म्हणत राहिला. असल्या भांडणात नवरा नावाच्या प्राण्याचा तेवढाच उपयोग असतो.

भांडण ऐन रंगात असताना हॉलमधून बारीक आवाज आला, कुणी दूध तापवायला ठेवून विसरावं तसा. तिघंही धावले. टाकीचा कोपरा सुटला होता. पाण्याची बोटभर धार फरशीवर पडत होती.

सायली शहाणीसुरती मुलगी, पण त्या क्षणी तिला काही सुचेना. तयार पाणी नव्हतं, नवी टाकी नव्हती. ती नुसती बघत राहिली. हलल्या त्या सरूबाई. त्यांनी आधी धारेखाली परात सरकवली. मग शिवराजला हाक मारली, "टब आण! कपड्याचे दोन्ही. आन् बादल्या!" परात भरत आली की दुसरी आत, पहिली बादलीत. थेंब सांडू दिला नाही. घाईघाईत त्यांनी स्वयंपाकघरातून तांब्याचा हंडा उचलून आणला तेव्हा मात्र सायली ओरडली, "तांबं नको! तांब्यानं मरतील ते!" सरूबाईंनी हंडा बाजूला ठेवला आणि प्लास्टिकची बादली ओढली.

अर्ध्या तासात टाकी रिकामी झाली आणि तिच्यातलं जवळपास सगळं पाणी दोन टबांत आलं. एका टबात मासे, दुसऱ्यात कोरल, दगडासकट. सायलीनं त्यांत हीटर आणि पंप सोडले, वर दिवा टांगला. कोरल मिटून मुठीएवढं झालं होतं.

"आता ताजं पाणी लागंल ना त्याला?" सरूबाईंनी विचारलं. आवाज उतरला होता.

"नाही. त्याला हेच लागतं. जुनं, मुरलेलं. शिळंच मानवतं त्याला."

सरूबाईंनी टबाकडे बघितलं. असलं पाणी त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

सोमवारी खोकं आलं. शिवराज कटर घेऊन बसला, कारण त्याला आता हे सगळं एकदाचं संपायला हवं होतं. कोरल अजून मिटलेलंच होतं. सायली टबात नळीनं थोडं थोडं गोडं पाणी सोडत होती, आणि सरूबाई शेजारी पाटावर बसून बघत होत्या.

"मासे खाऱ्या पाण्यातले, मंग गोडं का घालायलीस?"

"पाणी उडून जातं, मीठ नाही जात. मग उरलेलं जास्त खारट होतं."

"हां. आमटी आटल्यावर होती तशी."

"अगदी तसंच."

सरूबाईंनी खोक्यावरचं चित्र निरखलं. "ह्या नव्या टाकीला रोज किती घालावं लागंल?"

"उन्हाळ्यात तीनेक लिटर. मागं कप्पा आहे त्यासाठी, आपोआप पडतं."

"त्यात मावतं किती?"

"सहा लिटर."

"म्हंजी दोन दिवसाचं," सरूबाई म्हणाल्या. "आन् नळ येतो आठव्या दिवशी. आपण पेरणीला सगळे गावी जातो तवा काय करणार? मीठ कालवायचं पाणी कुठं ठिवणार? पुन्यांदा माझ्याच ड्रमात?"

सायलीला तो दोन रकान्यांचा कागद आठवला. तिनं क्षार मोजला होता, विजेचा खर्च मोजला होता, दिव्याचा रंगसुद्धा मोजला होता. नळ मोजायचा राहिला होता. ती टाकी रोज नळ येणाऱ्या गावासाठी बनवलेली होती, आणि ही गोष्ट सहा खुणांच्या त्या कागदावर कुठंच नव्हती. रोज दिवसभर पाणी तपासणाऱ्या बाईला हे सुचू नये, याची तिला मनापासून लाज वाटली.

पण प्रश्न सोपा नव्हता. तयार टाकी समोर होती. आज रात्रीपर्यंत सगळं तिच्यात सुरक्षित झालं असतं. बन्सीकडे जायचं म्हणजे बारा दिवस टबात. टबात पाणी भराभर उडतं, आणि ती स्वतः दिवसभर कामावर. बारा दिवस हे कोरल जगवणार कोण?

"मी हाय की," सरूबाई म्हणाल्या.

सायलीनं त्यांच्याकडे बघितलं. दोनच दिवसांपूर्वी याच बाईनं तिचा सगळा ड्रम जास्वंदीला पाजला होता. पण त्याच संध्याकाळी याच बाईनं परातींनी टाकी उपसली होती. दोन्ही हात एकाच बाईचे. सायलीनं कटर शिवराजच्या हातातून काढून घेतला.

"खोकं परत पाठव," ती म्हणाली. शिवराजनं कपाळाला हात लावला, पण फोन केला.

दोघी शहागंजात गेल्या. बन्सीनं वही काढली. सायलीनं वरच्या टाकीचं माप सांगितलं. टाकीखालच्या कपाटाचं माप सरूबाईंनी सांगितलं. काचेचे दोन बंद हौद, एक गोड्याचा, एक खाऱ्याचा, गोड्यात दहा दिवसांचं पाणी मावलं पाहिजे. "आठ का नाही, मावशी?" बन्सीनं विचारलं. "आठव्या दिवशी येतं ते आठव्यालाच येतं व्हय?" सरूबाई म्हणाल्या. बन्सी खळखळून हसला. "हाव मावशी, एकदम बराबर," म्हणत त्यानं लिहून घेतलं.

मग बारा दिवस सरूबाईंनी ते टब सांभाळले. पाण्याच्या पातळीला टबाच्या कडेवर पेन्सिलीनं रेघ मारली. गावाकडं पिंपावर त्या कोळशानं मारायच्या, पाणी किती दिवस पुरेल ते कळावं म्हणून. दर दोन तासांनी यायच्या आणि रेघेपर्यंत आरओचं पाणी सोडायच्या, वाटीनं, हळू. सायली घरी आली की क्षार तपासायची. सकाळी निघताना जो आकडा असायचा तोच संध्याकाळी असायचा. प्रयोगशाळेत यासाठी एक यंत्र आहे, त्याचाही आकडा इतका स्थिर राहत नाही. पाचव्या दिवशी कोरलनं दोन बोटं उघडली. सरूबाईंनी सायलीला कारखान्यात फोन केला, "उघडलं गं!" आणि लगेच फोन ठेवून दिला.

टाकी आली ती चार माणसांनी उचलून. सांधे बारीक, सरळ, एकही बुडबुडा नाही. सायलीनं भिंग लावून बघितले आणि बन्सीची माफी मागितली. "ताई, शोकेसमध्ये सोनं ठेवतेत लोकं, आपल्याला काय मासे जड आहेत का," तो म्हणाला. वर पाणी भरलं, मासे सोडले, शेवटी कोरलचा दगड ठेवला. तासाभरानं ते उघडायला लागलं. आधी कडेची बोटं, मग मधली, आणि बघता बघता सगळा गुच्छ हलायला लागला. सायलीला हसू आवरेना.

सरूबाई मात्र पाटावरून उठल्या नव्हत्या.

"आई, बघा ना. तुम्ही जगवलंत हे."

"जगलं म्हणून बरं झालं," सरूबाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुझ्यासंगं भांडले, पण जीव थाऱ्यावर नव्हता माझा. माझ्या हातानं तुझं पाणी गेलतं. हे मेलं असतं ना सायली, तर ह्या घरातल्या पाण्याला मी परत हात लावला नसता. ठरवलंच होतं."

सायली टाकीसमोरून उठून त्यांच्याजवळ येऊन बसली. नऊ वर्षांची असल्यापासून पाणी वाहणारी, पाणी राखणारी बाई. तिनं पाण्याला हात लावला नसता, तर या घरात ती दिवसभर करणार तरी काय होती? आणि हे ओझं घेऊन ती बारा दिवस दर दोन तासांनी उठत होती.

"चूक माझी होती," सायली म्हणाली. तोंडातून हे वाक्य निघायला तिला जडच गेलं. "पाणी तुमच्या ताब्यातलं. मी तुम्हाला न सांगता ड्रम भरला."

"व्हय, ते तुझं चुकलंच," सरूबाई ताबडतोब म्हणाल्या. पदर खोचून त्या उठल्या आणि त्यांनी खालच्या कपाटाचं दार उघडलं. "आता खारं कसं कालवायचं ते दाखीव मला. हितून पुढं ते मी करीन."