दोन वर्षांमागचा भाव

संगीताने मोबाइल काउंटरवर ठेवला तो जवळजवळ आपटलाच.

"शहादेवभाऊ, हे बघा. एकशेऐंशी! आन् तुमी दोनशेवीस घेता. एवढं लुटायचं असतंय व्हय?"

चौसाळ्याच्या त्या मेडिकलमधल्या दोघातिघांनी माना वळवल्या. शहादेवने चष्मा नाकावर ओढून मोबाइल पाहिला. संगीताच्या सासूच्या, चतुराबाईंच्या, कानातल्या मशीनला लागणाऱ्या सेलचं पाकीट, आणि खाली भाव. सेल संपले की म्हातारी भरल्या घरात एकटी पडायची. सेल तर हवेतच, मग फसून कशाला घ्या? इतक्या वर्षांच्या या दुकानात येणं आजपासून बंद, असं संगीता घरूनच ठरवून आली होती.

"मागवा की मंग," शहादेव म्हणाला. "हितंच मागवा. मी रुसणार न्हाई."

तिने बोट दाबलं. काही होईना. पुन्हा दाबलं. होणार कसं? भावाने, लखनने, दोन वर्षांमागे पाठवलेला तो ॲपवरच्या भावाचा नुसता फोटो होता. फोटोतून माल कुठला यायला! शेवटी तिने ॲप उघडून शोधलं. तेच पाकीट, तेच सहा सेल. तीनशेदहा रुपये.

तिचा चेहरा पार उतरला.

"तिथं बी म्हागाई हाय, वहिनी."

"मंग तुमचं दोनशेवीसच कसं ऱ्हायलं?"

"जुना माल हाय."

संगीताने पाकीट उलटं केलं. बनवल्याची तारीख गेल्याच महिन्याची होती.

"भाऊ, ह्यो माल जुना न्हाई. तुमाला तोटाच व्हत असंल. कावून करता असं?"

शहादेव उगाच फळीवरच्या बाटल्या सरळ करू लागला. मग तिच्याकडे न बघताच म्हणाला, "आश्रुबातात्या माज्या वावरात मेंढरं बसवायला रातीचे किती घेत्यात, ठावं हाय?"

लेंडीखतासाठी शेतकरी कळप रानात मुक्कामाला बसवून घेतात, त्याचा दर ठरलेला असतो. आश्रुबा म्हणजे संगीताचे सासरे, मेंढरं त्यांचीच; पण कुणाकडून किती घेतात हे ते घरात कधी बोलत नसत.

"सहाशे. समदेच घेत्यात."

"माज्याकडून तीनशे. चार वर्सं झाली. वाढवून देतो म्हणलं की उठून जात्यात."

संगीताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारचौघांत काय बोलून बसलो आपण!

"चुकलं माजं, भाऊ," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "लई उपकार हायेत तुमचे."

"कसले उपकार! आत्याबाईला रामराम सांगा."

घरी आल्यावर तिने सासूच्या मशीनमध्ये सेल बसवले. चतुराबाई लगेच ओसरीभर बोलत सुटल्या, कोकरांना हाका, सुनेला सूचना, मधेच हसणं. तो आवाज ऐकून संगीताचा ऊर भरून आला. कुणाकुणाचे आभार मानावेत, तिला कळेना.

आश्रुबा मेंढरं कोंडायची जाळी शिवत बसले होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "कितीला पडलं पाकीट?"

"हाय तेवढ्यालाच, मामा."

"हं." त्यांनी दातांनी दोरा तोडला. "पुढच्या आठवड्यात शहादेवच्या वावरात जावं म्हणतो. पाच राती."

"पाच कावून?" संगीता म्हणाली. "धा बसवा."