फिलिमोनेने लिहिलेली किंमत

"एकोणीसशे डॉलर?"

कस्टमच्या खिडकीपाशी लोसालिनेने तो कागद आधी लांब धरला, मग नाकाजवळ आणला, आणि शेवटी लेकीच्या हातात दिला. "अकेसा, तू वाच गं. माझ्या चष्म्याला वेड लागलंय."

चष्मा शहाणाच होता. ऑकलंडहून धाकट्या भावाने, फिलिमोनेने पाठवलेल्या शिलाई मशीनच्या खोक्यावर, किमतीच्या रकान्यात, त्याच्याच ठसठशीत अक्षरात एकोणीसशे न्यूझीलंड डॉलर लिहिले होते. त्यावर कर, त्या करावर आणखी एक कर, असं मिळून इथल्या चलनात साडेसातशे पांगा भरायचे होते.

"मामानं सोन्याचं मशीन पाठवलंय बहुतेक," अकेसा म्हणाली. ती बँकेत कारकून, पंचविशीची, आणि तोंडाची फटकळ.

"मामाबद्दल नीट बोल."

मशीनवाचून लोसालिनेने अकरा महिने काढले होते. गेल्या वादळात समुद्र नेयाफूच्या खालच्या आळीतल्या घरांत शिरला, तेव्हा तिचं जुनं मशीन खाऱ्या पाण्यात बुडालं ते कायमचंच. अर्ध्या वावाऊ बेटाच्या पोरांचे गणवेश तिच्या हातचे. मशीन गेलं तेव्हा तिने भावाला कळवलंसुद्धा नव्हतं. आमच्याकडे बहिणीचा मान भावाहून वरचा असतो. ती बसली असेल तिथं भाऊ मोठ्याने बोलत नाही, तिच्यादेखत चावट विनोद करत नाही, आणि तिने काही मागितलं तर नाही म्हणत नाही. त्याला नाही म्हणता येत नाही हे ठाऊक असल्यामुळे ही बाई काही मागतच नव्हती. पण त्याला कुठून तरी कळलं, आणि मशीन आलं.

आता आलेलं मशीन बंदरावर सोडून कसं जायचं? ती तशीच घरी गेली, आईची चटई पेटीतून काढली आणि सिसिलियाच्या दुकानी गहाण ठेवली. घरात अंथरायची चटई नव्हे ही. सणासमारंभाला, चर्चला जाताना कमरेला गुंडाळायची, धाग्याएवढ्या बारीक पट्ट्यांनी विणलेली. तीन पिढ्यांच्या बायकांच्या कमरेला लागून लागून ती धुवट कापडासारखी मऊ झाली होती.

सिसिलियाने ती उजेडात धरून पाहिली. "अगं, थोरल्या भावाच्या लेकीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय ना? नवरीची आत्या तू. कमरेला काय, टॉवेल गुंडाळणारेस?"

"तू पैसे मोज," लोसालिने म्हणाली.

मशीन मात्र झकास होतं. काळंभोर, पायाने चालवायचं, त्यामुळे वीज असो नसो. व्हरांड्यात मांडून तिने चाक फिरवलं, तर कुरकूर नाही की खडखड नाही. बॉबिन ठेवायला तिने खालचा लाकडी खण उघडला. तळाशी वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. ते बदलावं म्हणून उचललं, तर खाली घडी घातलेली पावती. ऑकलंडमधल्या कुठल्याशा चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानाची. शिलाई मशीन, वापरलेलं, एकशे वीस डॉलर.

लोसालिनेला आधी हसू आलं. मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि तिला रडू फुटलं. फिलिमोनेचा कारखाना बंद पडल्याचं वहिनीकडून उडत उडत तिच्या कानावर आलं होतं. हे एकशे वीससुद्धा त्याने कुठून काढले असतील देव जाणे. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता. हिने त्याला न्हाऊमाखू घातलं, हिनेच शाळेत पोचवलं. माझं पोर ते, तिला वाटलं, आणि माझ्यासाठी जुन्या बाजारात फिरत होतं.

आणि तो एकोणीसशेचा आकडा का, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. खोक्यावर एकशे वीस लिहिलं असतं, तर बंदरावरच्या कारकुनाने वाचलं असतं, हमालाने वाचलं असतं, आणि दिवस मावळायच्या आत गावभर झालं असतं की फिलिमोनेने बहिणीला एवढीशी वस्तू पाठवली. म्हणून त्याने कोऱ्या मशीनची किंमत लिहून टाकली. कराचं त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नसणार. बहिणीचा मान राखायच्या नादात कर कुणाला आठवतो!

अकेसाने पावती पाहिली आणि टाळीच वाजवली. "आई! जास्तीचा कर परत मिळतो. तीस दिवसांत अर्ज द्यायचा, पावती जोडायची, झालं! लग्नाच्या आत चटई घरात."

दुसऱ्या दिवशी दोघी कस्टमच्या कचेरीत गेल्या. पौलियासी नावाचा अधिकारी होता, देहाने अवाढव्य, आवाजाने मवाळ. त्याने अर्ज वाचला.

"खरी किंमत कमी आहे म्हणता. ठीक. पण खोक्यावर सही पाठवणाऱ्याची आहे. तेव्हा पत्रही त्याचंच लागेल. 'मी किंमत चुकीची लिहिली,' एवढं लिहून सही करायची."

पावती काढायला पर्समध्ये गेलेला लोसालिनेचा हात तिथेच थांबला. "पत्र त्याच्याकडे मागायचं?"

"दुसरं कोण देणार?"

पौलियासीने पेन खाली ठेवलं. "बाई, अख्ख्या जगात लोक कर चुकवायला किंमत कमी लिहितात. आणि आपल्याकडे? भाऊ बहिणीला चपला पाठवतो, आणि लिहितो असं की जणू राजवाड्यातून आल्यात. या कपाटात असे सतरा अर्ज पडलेत. एकाही बहिणीनं अजून पत्र आणलेलं नाही."

लोसालिनेने पर्स मिटली. "माझ्या भावानं लिहिलंय ते बरोबरच लिहिलंय. मीच चुकून आले."

कचेरीबाहेर पडताच अकेसाचा बांध फुटला. "बरोबर लिहिलंय? आणि चटईचं काय? मामा लग्नाला आला की आधी तुझ्या कमरेकडे बघेल. आजीची चटई नाही दिसली तर विचारेल. तू नाही सांगितलंस तर ती सिसिलिया सांगेल, कर भरायला गहाण टाकली म्हणून. तेव्हा काय करशील?"

पत्र मागावं तर भावाला कळणार की बहिणीला किंमत समजली. न मागावं तर कळणार की त्याच्या भेटीपायी आईची चटई गेली. दोन्हीकडून मान खाली जायची ती त्याचीच. लोसालिने घरी आली आणि गणवेश शिवत बसली. रात्रंदिवस शिवले असते तरी तीन आठवड्यांत साडेसातशे पांगा उभे राहणार नव्हते, हेही तिला ठाऊक होतं. पण हात मोकळे राहिले की डोकं फिरतं.

पुढच्या मंगळवारी दुपारी फाटकात पौलियासी उभा. काखेत कापडाचा गठ्ठा, हातात फाईल.

"शिवायला आणलंत?" लोसालिनेने विचारलं.

"तीन मुली आहेत मला, तिघींचे गणवेश. पण ते नंतर. आधी सरकारी तपासणी." तो हाशहुश करत पायरीवर टेकला. "नियमाच्या पुस्तकात एक कलम आहे. लिहिलेली किंमत पटत नसेल तर अधिकाऱ्यानं स्वतः वस्तू बघायची आणि किंमत ठरवायची. पाठवणाऱ्याला विचारायचं कामच नाही. वीस वर्षांत ते पान कुणी उघडलं नव्हतं. मी रविवारी उघडलं."

"रविवारी? रविवारी काम करणं पाप आहे."

"वाचणं म्हणजे काम नव्हे," पौलियासी म्हणाला. "पाद्रीबुवांना विचारून घेतलंय."

त्याने मशीनभोवती एक फेरी मारली. चाकावरचा उडालेला रंग पाहिला, बदललेला पट्टा पाहिला, आणि फाईल उघडून लिहायला लागला. "वापरलेलं..."

"'वापरलेलं' नका लिहू!"

"मग काय लिहू? न वापरलेलं?"

लोसालिनेने विचार केला. "'सांभाळलेलं' लिहा."

"तसा रकाना नाही हो."

"मग रकान्याच्या बाहेर लिहा. आणि उत्तम चालतं म्हणूनही लिहा. थांबा, दाखवते." तिने त्याच्याच गठ्ठ्यातलं कापड ओढलं, सुईखाली सरकवलं, आणि पाय मारायला लागली. बघता बघता हातभर लांब दुमड शिवून झाली, एक टाका इकडेतिकडे नाही. पौलियासीने ती शिवण बोटाने चाचपून पाहिली आणि निमूटपणे लिहिलं: वापरलेलं, सांभाळलेलं, उत्तम चालतं. मग किमतीच्या जागी एकशे तीस डॉलर लिहून शिक्का मारला.

"यातलं ऑकलंडला काय जातं?" लोसालिनेने दबकत विचारलं.

"चिठोरंसुद्धा नाही." त्याने फाईल बांधली, पण उठला नाही. "माझी बहीण सिडनीत असते. तिच्या पन्नाशीला मी चटई पाठवली, आणि खोक्यावर काय वाटेल तो आकडा लिहिला. छाती फुगवून लिहिला. तिला तिकडे केवढा भुर्दंड पडला असेल! एका शब्दानं बोलली नाही ती मला. या कचेरीत बसून तुमच्यासारख्यांचे अर्ज बघता बघता मला ते समजलं."

"तिला नाही हो वाईट वाटलं," लोसालिने म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत?"

"माहीत आहे मला."

पौलियासीने मान हलवली आणि नाक पुसलं. जाताना तिन्ही मुलींची मापं देऊन गेला.

सरकारी पैसे हातात पडतील तेव्हा खरे. एक आठवडा गेला, दुसरा गेला. लग्न शनिवारचं, आणि गुरुवारी दुपारी एकदाचा परतीचा कागद आला. अकेसाने तो बँकेत स्वतःच्याच खिडकीवर वटवला. त्यात शिलाईचे पैसे घालून लोसालिने तडक सिसिलियाच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक हातचं गेल्यासारखं तोंड करून सिसिलियाने चटई आणून दिली. लोसालिनेने तिचा वास घेतला. आईच्या खोबरेल तेलाचा वास अजून तिला त्यात येत होता, दुसऱ्या कुणाला येवो न येवो.

घरी आल्यावर तिने ती पावती पर्समधून काढली, होती तशी घडी घातली, आणि मशीनच्या खणात वर्तमानपत्राखाली होती तिथे ठेवली.

"अगं, फाडून टाक ना!" अकेसा म्हणाली.

"राहू दे. ज्याची आहे तो घेईल."

शुक्रवारी फिलिमोने आला. वाळला होता. सदरा कोरा होता, दुकानातल्या घडीच्या रेघा अजून त्यावर तशाच. बहिणीच्या हाताचं त्याने चुंबन घेतलं आणि तो व्हरांड्याच्या कडेला, तिच्यापेक्षा खालच्या पायरीवर बसला. लग्न उद्या होतं तरी लोसालिनेने चटई आजच कमरेला गुंडाळली होती. त्याची नजर तिथे गेली आणि त्याचा चेहरा निवळला.

"आईची," तो म्हणाला.

"मग दुसरी कुठली?"

मग नजर मशीनकडे वळली. ती खणावर गेली, तिथून जमिनीवर, आणि पुन्हा खणावर. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी पाव चोरून खाल्ला की अशाच व्हायच्या.

लोसालिने उठली. "तू बस. मी जरा अळूचं बघून येते."

चुलीवरचं सगळं कधीच शिजून तयार होतं. मागल्या चुलीघराच्या फळ्यांच्या फटीतून तिने पाहिलं. फिलिमोनेने आजूबाजूला बघितलं, हळूच खण ओढला, वर्तमानपत्र उचललं. कागदाचा कपटा त्याच्या सदऱ्याच्या खिशात गेला. खण बंद करताना आवाज होऊ नये म्हणून त्याने तो दोन्ही हातांनी लोटला. मागून अकेसा काहीतरी बोलणार, तर लोसालिनेने नुसता डाव उगारून तिला गप्प केलं. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्याला पुन्हा ऐटीत बसायला वेळ मिळावा म्हणून ती अजून थोडी थांबली.

ताट घेऊन ती बाहेर आली. अळूच्या पानांत बांधून नारळाच्या दुधात शिजवलेल्या मांसाच्या दोन पुड्या होत्या, बाजूला सुरण. फिलिमोनेने ताट गुडघ्यांवर घेतलं, पण खायला सुरुवात केली नाही.

"ताई," तो खाली बघत म्हणाला, "तुम्हाला कर फार पडला का हो?"

"कर कसला डोंबलाचा! उलट तो पौलियासी म्हणत होता, तुमच्या भावानं किंमत कमीच लिहिलीय."

फिलिमोनेचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला. त्याने अंगणातल्या नीरफणसाच्या झाडाकडे नजर वळवली.

"हो," तो म्हणाला. "थोडी कमीच लिहिली मी."

"वाटलंच मला," लोसालिने म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी एक पुडी वाढली.