सामाईक विमान

माझ्या माहेरी दोन कलमांच्या बागा, एक विहीर आणि एक विमान होतं. बागा आणि विहिरीची वाटणी झाली तेव्हा विमानाचीही झाली. आमच्याकडे एका फणसाच्या झाडात तीन भावांचे वाटे असतात, आणि कुठल्या फांदीचा फणस कुणाचा यावरून दोन-दोन पिढ्या बोलत नाहीत. विमान तर फणसापेक्षा बरंच मोठं होतं.

ते आलं लढाईच्या शेवटच्या वर्षी. मी पहिल्या बाळंतपणाला पावसला माहेरी आले होते. पौषातली सकाळ होती आणि धुक्यात समोरचा माड दिसत नव्हता. डोक्यावरून घरघर गेली, वर सड्यावर काहीतरी खरवडल्यासारखं झालं, आणि सगळी वाडी वर धावली. मला कुणी जाऊ देईना, म्हणून मी सगळ्यांच्या मागून गेले. आमचा सडा म्हणजे मैलभर पसरलेला सपाट कातळ. त्याच्या मधोमध ते उभं होतं. तोंड वर आभाळाकडे, शेपटी खाली कातळाला टेकलेली, बसलेल्या कुत्र्यासारखं. आतून दोन गोरे उतरले. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना शहाळी दिली. ती पिऊन ते रत्नागिरीच्या वाटेला लागले ते पुन्हा आलेच नाहीत.

विमान कुणाचं यावर गावात पहिल्या दिवसापासून दोन मतं होती. पोलीस पाटील म्हणाले, विलायतेच्या राजाचं. शाळेतले मास्तर म्हणाले, मूळ अमेरिकेचं, राजानं लढाईपुरतं उसनं घेतलेलं. म्हणजे आमच्याकडे येण्याआधीच त्याच्या मालकीत घोळ होता. नंतर लष्कराची माणसं आली, दोन्ही इंजिनं आणि आतली यंत्रं काढून घेऊन गेली. उडी मारायची एक रेशमी छत्री तेवढी सापडली नाही. त्या शिमग्याला वाडीतल्या सगळ्या बायकांची पोलकी एकाच पांढऱ्या रेशमाची होती, पण ते कुणी बोललं नाही.

लढाई संपल्यावर सरकारनं सांगाडा रत्नागिरीच्या एका भंगारवाल्याला विकला. त्यानं तो न बघताच घेतला होता. बैलगाड्या घेऊन सड्यावर चढला, विमानाभोवती एक फेरी मारली, पंख बघितले, मग खाली उतरणारी आमची दगडी पायऱ्यांची अरुंद पाखाडी बघितली आणि कपाळाला हात लावून बसला. आप्पांनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला, आणि एका बागेचे त्या वर्षीचे आंबे देऊन विमान ठेवून घेतलं.

आई म्हणाली, "त्यापेक्षा बैल घेतला असतात तर नांगराला तरी आला असता."

आप्पा म्हणाले, "बैल म्हातारा होतो."

आप्पांनी विमानात आंब्याची आढी घातली. पेंढ्यात आंबे थरावर थर लावून पिकवायचे, त्याला ऊब लागते, आणि सड्यावरच्या त्या पत्र्याच्या पोटात ऊबच ऊब. आमचा आंबा सगळ्यांच्या आधी बाजारात जाऊ लागला आणि हसणारी माणसं भाव विचारायला लागली.

आप्पा अठ्ठावन्न साली गेले. पंच बसले. मी भावंडांत थोरली, पण मुलीला वाटणीत लुगडं देतात. मला हिरवं लुगडं मिळालं. चांगलं होतं. भाऊ तिघे. आत्माराम म्हणाला, मुलगा म्हणून थोरला मी, तेव्हा मान माझा, तोंड माझं. त्याला विमान हाकायची जागा मिळाली. महिपतला पोट मिळालं. धाकट्या रामाच्या वाट्याला शेपटी आली. पंचांनी आत कुडाच्या दोन भिंती घातल्या, विडे खाल्ले आणि घरी गेले.

एवढ्या शहाण्या माणसांच्या लक्षात एक गोष्ट आली नाही. विमानाला दार एकच होतं आणि ते शेपटीकडे होतं.

पुढची पंचवीस वर्षं माझे भाऊ त्या दारावरून भांडले. रामाच्या हद्दीतून महिपतनं जायचं का, दोघांच्या हद्दीतून आत्मारामानं जायचं का, आणि गेलाच तर चपला घालून की काढून. आत्मारामाला कुणाच्या वाटेचे उपकार नको होते. त्यानं पुढच्या खिडकीला शिडी लावली. आमचा थोरला भाऊ रोज सकाळी धोतर सावरत शिडी चढून खिडकीतून विमानात शिरायचा आणि हाकणाऱ्याच्या खुर्चीत बसून समुद्राकडे बघत पेपर वाचायचा. महिपत पोटात नारळ ठेवायचा. विमानाचा उतार शेपटीकडे. कुडाला फट पडली की नारळ गडगडत रामाच्या भागात यायचा. मग आपल्या हद्दीत आलेला नारळ कुणाचा, यावर नवी बैठक. आत्माराम वर पाय धुवायचा आणि ते पाणी दोन्ही हद्दी ओलांडून सर्वांत शेवटी रामाच्या बायकोच्या, सखूच्या, पेंढ्यात शिरायचं.

रामा एकोणऐंशी साली गेला. मूलबाळ नव्हतं. खालच्या घरात दिरांनी सखूला चुलीजवळची जागा तेवढी ठेवली, तेव्हा ती आपलं बोचकं घेऊन सड्यावर गेली आणि शेपटीत राहू लागली. आतल्या बाजूला आढी, दाराशी चूल. शेपटीचे दोन्हीकडचे छोटे पंख उन्हात तापतात, त्यावर ती आंब्याच्या रसाची साटं वाळवायची. तशी साटं पावसपासून रत्नागिरीपर्यंत कुणाची नव्हती. मी रत्नागिरीत पेठकिल्ल्यात राहत होते, ती दर उन्हाळ्यात येऊन मला पहिलं साट द्यायची.

चौऱ्याऐंशीच्या मार्गशीर्षात ती साटांचे दिवस नसताना आली.

"काय गो, आत्ताशी कुठे मोहोर आलाय," मी म्हटलं.

"वन्सं, विमान चाललं," ती म्हणाली.

मुंबईचा एक हॉटेलवाला समुद्रकाठी जागा घेत होता. त्याला ते विमान हवं होतं. धुऊनपुसून, रंग देऊन तो त्यात टेबलं मांडणार होता आणि लोकांना चहा पाजणार होता. कापून तुकडे करून खाली नेणार आणि पुन्हा जोडणार. अट एकच, सगळं विमान हवं. ही बातमी लागताच पंचवीस वर्षं एकमेकांशी धड न बोललेले माझे भाऊ एका ताटात जेवायला लागले होते.

"आणि तू गो?"

"मी अंगठा दिला."

"का दिलास?"

"त्यांच्या गावात राहायचं, वन्सं. विहीर त्यांची, पाखाडी त्यांची. म्हणाले, गोठ्याच्या पडवीला आडोसा करून देऊ. गोठ्यात आढी लागत नाय हो. आंबा कुजतो." मग पदर खोचून म्हणाली, "आणि माझं हातपाय चालतंय अजून. गोठ्यात कशाला बसू?"

मी तिला चहा दिला. माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. असं मला तेव्हा वाटत होतं.

दोन दिवसांनी सकाळी दारात आत्माराम आणि महिपत. एकाच्या हातात सुरमई, दुसऱ्याच्या खांद्यावर तांदळाची पिशवी. वाटणीच्या हिरव्या लुगड्यानंतर माहेरून एवढं काही आलं नव्हतं.

"आक्का, तुझी तब्येत बघायला आलो," आत्माराम म्हणाला.

"दोघंही? एकदमच?"

"आठवण झाली," महिपत म्हणाला.

चहा झाला, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली, नातवंडांची झाली. मग आत्माराम खाकरला. हॉटेलवाल्याच्या वकिलानं नसतं काढलं होतं. विमान आप्पांनी स्वतः मिळवलेलं, आप्पा गेले नव्या कायद्यानंतर, म्हणजे मुलीचाही भावांइतकाच वाटा. आक्काची सही हवी.

"म्हणजे विमान माझंही आहे?"

"कागदोपत्री गो. तू काय माहेराकडून घेणार आहेस थोडीच?" आत्माराम हसला.

"आणि हे मला सव्वीस वर्षांनी सांगताय."

"आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं?" महिपत म्हणाला. हे मात्र खरं असावं. ठाऊक असतं तर सुरमई आधीच आली असती.

मी म्हटलं, "सही सड्यावरच करीन. आपलं विमान एकदा डोळे भरून बघू दे."

सुरमई चांगली होती. मी तिचं कालवण केलं आणि रात्रभर विचार केला. नुसतं नाही म्हटलं असतं तर दोघे मिळून सखूवर उलटले असते, आणि ती तिथे एकटी. ते एकत्र होते तोवर तिची धडगत नव्हती. पण माझे भाऊ मी कडेवर घेऊन वाढवलेले. एकत्र किती वेळ टिकतात ते मला माहीत होतं.

ठरल्या दिवशी सगळे सड्यावर जमलो. हॉटेलवाला गॉगल लावून विमानाभोवती फिरत होता. पुढच्या भागाशी थांबून म्हणाला, "हेच खरं आकर्षण. लोक इथे बसून फोटो काढणार." आत्मारामाची छाती फुगली. महिपतची मुद्रा मी बघून ठेवली. सखू दाराशी पेंढा आवरत होती, खाली मान घालून.

हॉटेलवाल्याचे वकील रत्नागिरीचेच, साधे गृहस्थ होते. त्यांनी माझ्यापुढे पेन धरलं. मी पदर सारखा केला.

"वकीलसाहेब, सही करते. पण माझा वाटा आधी दाखवा. कुठून कुठवर?"

"बाई, तुमचा चौथा हिस्सा. सगळ्यातच."

"तसं नको. यांचं जसं ठरलंय तसं माझं ठरू दे. वाटणीत पंचांनी तोंड थोरल्याला दिलं होतं ना रे आत्माराम?"

"हो. मानाप्रमाणं."

"मग थोरली मी आहे. तोंड माझं."

सड्यावर वारा असतो, त्या वेळी नव्हता.

"आक्का, काहीतरीच काय?" आत्माराम म्हणाला. "मी थोरला मुलगा."

"मुलगा-मुलगी सारखी असं साहेबांचा कायदा म्हणतो. तूच सांगत आलास घरी. तू पोटात जा. महिपत तुझ्या मागे सरकेल. सखू आहे तिथे आहे."

महिपतनं एकदा पोटाकडे, एकदा शिडीकडे बघितलं. आपण मागे सरकतोय हे त्याला कळलं होतं, पण थोरला भाऊ शिडीवरून खाली येतोय हेही दिसत होतं, आणि हा आनंद मोठा होता.

"आक्काचं बरोबर हाय," तो म्हणाला. "तोंड थोरलीचं."

"तू गप. तुझं पोट दोघांच्या मापाचं आहे. आक्काला द्यायचं तर तुझ्यातून."

"माझ्यातून? आणि तुझं पाय धुवायचं पाणी पंचवीस वर्षं कुठं मुरलं?"

"तुझे नारळ कुठं गेले ते विचार आधी."

"तू शिडी लावलीस ती माझ्या पंखाला टेकून!"

मग विहीर निघाली. विहिरीतून फणस निघाला. फणसातून आप्पांच्या तेराव्याला कुणी किती तांदूळ दिले ते निघालं. हॉटेलवाल्यानं गॉगल काढला आणि वकिलांना विचारलं, हे किती दिवसांत मिटेल. वकिलांनी डोकं खाजवलं.

"यांच्या विहिरीचा दावा माझ्या वडिलांनी दाखल केला होता," ते म्हणाले. "मी तो चालवतोय."

हॉटेलवाला संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला गेला. पुढे त्यानं गोव्याकडून एक जुनं गलबत आणलं असं ऐकलं. त्याला म्हणे एकच मालक होता.

महिन्याभरात आत्मारामानं महिपतवर दावा लावला आणि महिपतनं आत्मारामावर. दोघांनी मिळून माझ्यावर लावला, एवढी एकी राहिली. कोर्टानं हुकूम दिला, निकाल लागेपर्यंत विमान जैसे थे. कुणी काही हलवायचं नाही, कुणी कुणाला काढायचं नाही, ज्याचा जिथे ताबा आहे त्यानं तिथेच राहायचं. वकिलांनी तो हुकूम सखूला वाचून दाखवला.

"म्हणजे मी राहू?" तिनं विचारलं.

"राहायलाच हवं," वकील म्हणाले. "कोर्टाचा हुकूम आहे."

भावांनी मला भाऊबीजेला बोलवायचं सोडलं. त्याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. मी तरी दर गणपतीत जाते. मध्ये एकदा दोघे थकल्यासारखे वाटले, ओटीवर शेजारी-शेजारी बसले होते, तडजोडीची भाषा चालली होती. मी आरतीचं ताट खाली ठेवलं आणि सहज विचारलं, "तोंडाचं काय ठरलं रे शेवटी?" नैवेद्य दाखवेपर्यंत आवाज वरच्या वाडीपर्यंत गेला होता.

तिथून मी काठी टेकत सड्यावर चढते. सखू दारात पाट मांडते, उन्हाळ्यातलं राखून ठेवलेलं साट काढून देते आणि विचारते, "काय वन्सं, मिटलं का त्यांचं?"

"नाय गो," मी सांगते. "अजून बरेच दिवस लागतील."

"बरं झालं," ती म्हणते, आणि उतारानं गडगडत आलेला नारळ चुलीमागे सरकवते.